दोन चौकटींमधली पांढरी जागा

‘या वयात हे शोभतं का?’ हा प्रश्न माझ्या समुपदेशन कक्षात इतक्या वेळा विचारला गेला आहे की, विचारणाऱ्यांचे चेहरे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. निवृत्तीनंतर हार्मोनियम शिकायला बसलेले एक बँक अधिकारी, पन्नाशीत पोहायला शिकणाऱ्या एक गृहिणी, घरात कोणी नसताना नातवाची आगगाडी रुळांवर लावून चालवणारे एक आजोबा. प्रत्येकाला स्वतःच्या आवडीची लाज वाटत होती आणि त्या लाजेमागे गाव काय म्हणेल ही धास्ती होती. आमच्या किनारपट्टीवरील लहान गावांत ती जरा अधिकच असते, कारण बाजारात, एसटीत आणि जत्रेत तीच माणसे पुन्हापुन्हा भेटतात. या सर्वांना उत्तर म्हणून एका ग्रंथपाल बाईंची हकीगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई पंचेचाळिशीच्या. खाडीकाठच्या एका गावातील, सरकारी अनुदानावर आणि वर्गणीवर चालणाऱ्या सार्वजनिक वाचनालयात त्यांची वीस वर्षे गेली होती. माझ्याकडे आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन.

“रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, ताई.”

“कधीपासून?”

“वार्षिक सभा झाली तेव्हापासून.”

सभेत वर्षभरातील ग्रंथखरेदीची यादी वाचली जात असताना एक जुने वर्गणीदार मागच्या रांगेतून म्हणाले होते, “बाईंका आता मोठ्या माणसांची पुस्तका वाचूक शिकवा.” सभागृहात हशा पिकला. त्या यादीत कुमारांसाठीच्या कादंबऱ्या आणि चित्रांच्या चौकटींतून गोष्ट सांगणाऱ्या चित्रकादंबऱ्या पुष्कळ होत्या. त्या दिवसापासून बाईंनी अशी पुस्तके मागवणे थांबवले, होती ती संदर्भग्रंथांच्या मागच्या रांगेत सरकवली आणि शाळा सुटल्यावर येणाऱ्या मुलांशी त्यांचे बोलणे ‘कार्ड दे’ आणि ‘सही कर’ एवढ्यावर आले.

“मी ती पुस्तकं फक्त मुलांसाठी आणत नव्हते,” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. चोरीचा कबुलीजबाब देताना माणसे असा आवाज लावतात. “मी स्वतः वाचते. वाचनालय बंद केल्यावर अर्धा तास बसून वाचते. मोठ्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा मला त्याच आवडतात. माझ्यात काही कमी राहिलंय का?”

येथे एक कबुली मलाही दिली पाहिजे. चित्रकादंबरी म्हणजे जाड पुठ्ठ्याचे कॉमिक, एवढीच माझी समजूत होती. पण आवड तपासायची तर आधी ती ऐकली पाहिजे, हा माझा जुना नियम आहे. म्हणून मी म्हटले, “मला त्यातलं काही कळत नाही. सांगा.” बाई पाऊण तास बोलल्या. मुलांचे येणे कुठे तुटते हे त्यांनी देवघेवीच्या नोंदवहीतून ताडले होते. परीकथा आणि साहसकथांच्या वयात मुले धावत येतात, आठवी-नववीत त्यांना बालविभागाची लाज वाटू लागते, मोठ्यांच्या कपाटांपाशी त्यांना आपले असे काही सापडत नाही, आणि दहावीचे वर्ष लागले की ती जी जातात ती कायमचीच. त्या मधल्या दोन-तीन वर्षांसाठी कपाटच नाही. पहिले प्रेम, घरातली भांडणे, स्वतःच्या शरीराचा संकोच, मित्राने केलेला दगा हे सारे त्या वयात घडत असते, आणि ते त्याच वयाच्या मुलाच्या तोंडून सांगणारे पुस्तक हाती पडले तर मूल वाचक म्हणून टिकते, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांची जाण नुसत्या हौसेची नव्हती. आर्ट स्पीगलमन यांनी आपल्या वडिलांची नाझी छळछावणीची हकीगत ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजर करून चित्रांत मांडली आणि त्या ‘माउस’ला 1992 साली पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला, हे मला त्यांच्याकडून कळले. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी ‘भीमायन’मध्ये बाबासाहेबांचे आयुष्य रंगवताना पात्रांना सरळ रेघांच्या चौकटींत कोंडले नाही, हे सांगताना त्यांच्या हाताची बोटे हवेत वेलबुट्टी काढत होती. पावसाळ्यात आर्ट पेपरची पाने दमट हवेने एकमेकांना चिकटतात, म्हणून जून लागला की त्या प्रत्येक पुस्तकात कोरडे कागद घालून ठेवीत. लाज वाटणाऱ्या गोष्टीची इतकी निगा कोणी राखत नाही, अशी मी मनात नोंद केली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीने मी गेली 27 वर्षे काम करते आहे. माणसाला घटना जितकी छळते त्याहून अधिक त्या घटनेविषयीची स्वतःशी केलेली विधाने छळतात, हा तिचा गाभा. मराठीत या विधानांची खूण पटवणे सोपे आहे, कारण त्यांच्या शेपटाला बहुधा ‘च’ असतो. बाईंकडेही असे ‘च’ होते : ग्रंथपालाने गंभीरच वाचले पाहिजे, लोकांनी मला मान दिलाच पाहिजे, मी हसण्यावारी नेली जाताच कामा नये. दोन भेटींत आम्ही ते कागदावर उतरवून काढले. बाईंना सारे पटले आणि झोप मात्र आली नाही. बुद्धीला पटते आणि पोटातला गोळा तसाच राहतो, हा अनुभव प्रत्येक समुपदेशकाला येतो; काहीजण तो मान्य करत नाहीत, इतकेच.

पुढच्या वेळी मी त्यांना एक चित्रकादंबरी घेऊन यायला सांगितले. त्यांनी उघडून दिलेले प्रकरण मी काही मिनिटांत संपवले आणि “झालं,” म्हणून पुस्तक मिटले. बाई माझ्यासमोर पहिल्यांदा हसल्या.

“ताई, तुम्ही फक्त फुगे वाचलेत, पात्रांच्या तोंडचे शब्द.”

खुर्ची ओढून त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि एका पानावर त्यांनी बोट ठेवले. एका चौकटीत दाराशी भिजलेला मुलगा उभा होता. पुढच्या चौकटीत रिकामी खोली, कोपऱ्यात गळणारी छत्री. शब्द एकही नव्हता.

“मधे काय झालं?”

“मुलगा आत आला, छत्री ठेवली, कपडे बदलायला गेला.”

“कुठे काढलंय तसं?”

मी पाहिले. कुठेच काढलेले नव्हते. दोन चौकटींच्या मधे बोटभर पांढरी पट्टी होती.

“ही जागा चित्रकार मुद्दाम सोडतो,” त्या म्हणाल्या. “इथलं चित्र वाचणाऱ्याने काढायचं. आमच्याकडे एक मुलगा येतो, त्याचे वडील ट्रॉलरवर जातात. हेच पान बघून तो म्हणाला, बाबा अजून आले नाहीत म्हणून तो तसाच परत बाहेर गेला. पान तेच, ताई.”

मी काही बोलले नाही. टेबलावरचा कोरा कागद घेतला आणि दोन चौकोन काढले. पहिल्यात लिहिले : सभेत माणसे हसली. दुसऱ्यात : बाई पुस्तके लपवत आहेत. मधे बोटभर जागा सोडली आणि पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली.

“इथे तुम्ही काय काढलंत?”

बराच वेळ गेला. बाहेर मासळीवाली ओरडत गेली तेवढा एकच आवाज. मग त्यांनी बारीक अक्षरांत लिहिले : ‘ही बाई मोठी झालीच नाही.’ लिहून झाल्यावर त्या वाक्याकडे त्या दुसऱ्या कोणाचे अक्षर असल्यासारख्या पाहत राहिल्या.

“हे ते म्हणाले?”

“नाही.” आणि मग अगदी हळू, “हे मी काढलं.”

त्या क्षणावर मी नंतर पुष्कळ विचार केला. घटना आणि दुःख यांच्यामध्ये विचार असतो, हे वाक्य मी असंख्य वेळा उच्चारले आहे आणि लोकांनी ते नम्रपणे ऐकून घेतले आहे. पण तो मधला विचार दिसत नाही, म्हणून माणसाला घटनाच थेट दुःख देते असे वाटते. बाईंना ती जागा रोज दिसत होती, त्या मुलांना ती दाखवतही होत्या. फक्त स्वतःच्या आयुष्याचे पान त्यांनी फुग्यांपुरते वाचले होते, जसे मी त्यांचे पुस्तक वाचले होते. एलिस यांची मांडणी मी त्यांना शिकवत होते असा माझा समज होता. तिचे सर्वांत सोपे चित्र त्यांच्या झोळीत होते, आणि ते बाहेर काढायला लावण्याचे थोडे श्रेय मी स्वतःकडे घेते. आता माझ्या टेबलावर दोन चौकोन छापलेल्या कागदांचा गठ्ठा कायम असतो.

यानंतरचे काम सरळ होते आणि ते वाचकांनीही करून पाहावे असे आहे. मधली जागा गोड चित्राने भरायची नाही. ‘सगळ्यांना माझं कौतुकच आहे’ हेही तितकेच मनाचे चित्र आहे. जमेल तेथे जाऊन विचारायचे. बाईंनी त्या वर्गणीदारांना विचारले. त्यांची तक्रार निराळीच निघाली : “पोरांच्या चित्रांनी कपाटा भरलंस, आमी काय वाचूचा?” त्यांच्या आवडीच्या रहस्यकथा दोन वर्षे आल्या नव्हत्या. यात तथ्य होते आणि बाईंनी ते मान्य केले. उत्साहाच्या भरात त्यांनी खरेदीचा तोल घालवला होता. आवड निर्दोष असली म्हणजे आवडीपायी घेतलेला प्रत्येक निर्णय निर्दोष ठरत नाही. कार्यकारी मंडळातील एका सदस्यांना मात्र ही पुस्तके खरोखरच पोरकट वाटत होती आणि अजूनही वाटतात. त्यांचे मत बदलल्याशिवाय झोप येणार नाही असा हट्ट धरला असता, तर बाई आजही जाग्याच राहिल्या असत्या.

वयाला काय शोभते, याचा निवाडा आपल्या भागाने निराळा केलेला आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रांच्या पोथ्या उलगडत, गात रामायण-महाभारतातील आख्याने सांगत आले, आणि त्यांच्यापुढे देवळात बसणारे श्रोते जाणते, मोठे होते. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. दोन चित्रांमधली जागा तेथे कथेकरी गाऊन भरतो, आमच्या पुस्तकांत ती वाचक भरतो, असे बाई म्हणतात. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात बसून एका लहान मुलाचे बालपण लिहीत होते. त्यांचे वय तेव्हा 33 होते. या वयात हे काय, असे त्यांना कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

बाईंची झोप हळूहळू पूर्ववत झाली. कपाट पुन्हा पुढे आले आहे. त्याच्या शेजारी रहस्यकथांचेही एक झाले आहे. दारातल्या भिजलेल्या मुलाचे ते पुस्तक मी घरी आणले होते. या खेपेस मी ते सावकाश वाचते आहे आणि मुदत कधीच उलटून गेली आहे. बाईंनी वाचनालयाच्या छापील पत्रावर रीतसर स्मरणपत्र पाठवले आहे, दंडाच्या आकड्यासह.