अलास्कातील तेल आणि पेट्रोलचा दर

प्रश्न : अलास्कातील आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात तेल काढल्यास अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होईल, या दाव्यात तथ्य आहे काय?

उत्तर : फारच थोडे. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २००८ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, परवानगीनंतर पहिले तेल हाती येण्यास सुमारे दहा वर्षे लागली असती आणि मध्यम अंदाजाने उत्पादन दिवसाला ७ लाख ८० हजार पिंपांपर्यंत चढले तरी कच्च्या तेलाचा दर पिंपामागे फार तर ७५ सेंटांनी उतरला असता. पिंपात ४२ गॅलन तेल मावते. म्हणजे वाहनधारकाच्या वाट्याला गॅलनमागे दोन सेंटही येत नाहीत. एवढ्याशा सवलतीसाठी, जिथे पॉर्क्युपाइन नावाच्या कळपातील कॅरिबू (उत्तर अमेरिकेतील रेनडिअर) पिलांना जन्म देतात आणि जिला तिथले आदिवासी ग्विचिन लोक पवित्र मानतात, ती किनारपट्टी पणाला लावणे मला अक्षम्य वाटते. तेलाचा दर जागतिक बाजारात ठरतो. तिथे दिवसाला सुमारे दहा कोटी पिंपे खपतात आणि निर्यातदार देशांनी उत्पादन थोडे आखडते घेतले की ही घटही भरून निघते. तेल कंपन्यांनाही हा हिशेब ठाऊक असावा, कारण या अभयारण्यात तेल काढण्याच्या हक्कांसाठी जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या लिलावात एकही बोली आली नाही.