प्रेस्कॉटला फ्लाइंग शिकायला येण्याआधी

तू विचारलंस की बारावीनंतर पुण्याहून ऍरिझोनात प्रेस्कॉटला पायलट व्हायला यायचंय, पण टेकऑफला पडलेल्या छोट्या विमानांच्या बातम्यांनी आई-बाबा धास्तावलेत. असं झालंच तर चौकशी कोण करतं?

आधी असे अपघात का होतात ते समज, त्यासाठी उंची बघ. पुण्याचा लोहगाव विमानतळ १,९४२ फुटांवर, प्रेस्कॉटचा ५,०४५ फुटांवर. त्या उंचीच्या प्रमाण तापमानाच्या (प्रेस्कॉटला साधारण ५ अंश) वर दर अंशाला साधारण १२० फूट उंचीत मिळवायचे. म्हणजे ३५ अंशांच्या दुपारी तिथली हवा साडेआठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ. या हिशेबाच्या उंचीला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. शिकण्याचं नेहमीचं छोटं विमान सेसना १७२, त्याचं इंजिन टर्बोचं (हवा दाबून घेणारं) नाही, त्यामुळे त्याची ताकद घटते, धाव लांबते, चढण मंदावते. त्यात मिक्श्चरचा, म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा, लाल नॉब सवयीने पूर्ण आत ठेवला, तर पेट्रोल जास्त होऊन उरलेली ताकदही जाते. ३,००० फुटांच्या वर टेकऑफआधीच लीन करायचं, म्हणजे इंधन कमी करायचं असतं.

उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं, तर नाक खाली आणि समोर जमेल तिथे उतरायचं. धावपट्टीकडे मागे वळायचा मोह जीवघेणा असतो. ४५ अंश कलवल्यावर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत) १९ टक्क्यांनी वाढतो, आणि स्पिनमधून (गिरक्या घेत कोसळण्यातून) सावरायला खाली उंचीच नसते. अनेक जीव या वळण्यात जातात, नुसतं इंजिन बंद पडण्याने नव्हे.

चौकशी एनटीएसबीची (अमेरिकेची स्वतंत्र अपघात चौकशी संस्था), छोट्या अपघातात जागेवर बहुधा एफएएचा (तिथल्या विमान वाहतूक नियामकाचा) इन्स्पेक्टर जातो. माणसं सोडवण्यापलीकडे अवशेष हलवायचे नसतात. प्रोपेलरची पाती पिळवटलेली असतील, तर आपटताना इंजिन ताकद देत होतं असं दिसतं. इंधनात पाणी, फ्लॅप्सची (पंखांच्या मागच्या हलत्या झडपांची) स्थिती, वजन, त्या वेळचं तापमान, सगळं तपासतात. विमान चालवणाऱ्या संस्थेला १० दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो, त्याला वैमानिकाचं निवेदन जोडतात. प्राथमिक अहवाल साधारण महिन्याभरात, अंतिम यायला वर्ष-दोन वर्षं. एनटीएसबी दोषी ठरवत नाही, संभाव्य कारण सांगते. पण एफएए वैमानिकाची वेगळी फेरपरीक्षा घेऊ शकते.

हे अहवाल सगळ्यांना खुले असतात. एनटीएसबीच्या साइटवर कॅरोल नावाचा शोध आहे. शाळेच्या प्रत्येक विमानाचा एन-नंबर (नोंदणी क्रमांक) घालून आई-बाबांसोबत बघ. मग शाळेला विचार: सोलोसाठी (विद्यार्थ्याने एकट्याने उडवायला) डेन्सिटी अल्टिट्यूडची मर्यादा किती? लेखी उत्तर आलं नाही, तर दुसरी शाळा शोध.