फिनिश संगीतकार सिबेलियसच्या ‘दि ओशनिडीज’ या वाद्यवृंदरचनेतील कथा ‘कालेवाला’मधली आहे का?

नाही, या स्वरकाव्याचा, म्हणजे एखाद्या कल्पनेवर रचलेल्या वाद्यवृंदरचनेचा, आधार ‘कालेवाला’ हे फिनिश महाकाव्य नसून ग्रीक पुराणकथा आहे, आणि त्यातही सलग अशी कथा नाही. ओशनिडीज म्हणजे ओशनस आणि टेथिस यांच्या कन्या, जलदेवता. प्राचीन ग्रीक कवी हेसिअड त्यांची संख्या 3000 सांगतो. अमेरिकेतील नॉरफोक संगीत महोत्सवासाठी लिहिलेली ही रचना सिबेलियसने 1914 च्या जूनमध्ये तिथे स्वतः संचालित केली. टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांची दबकी घुमघुम आणि तंतुवाद्यांची मंद हालचाल यांवर दोन बासऱ्यांची चपळ धून येते, ती त्या देवतांची क्रीडा मानली जाते. पुढे हार्पच्या सरसरत्या स्वरांसोबत ओबो आणि क्लॅरिनेट ही फुंकवाद्ये येतात, आणि शेवटाकडे सारा वाद्यवृंद एकाच प्रचंड लाटेत उसळतो. ती लाट इतक्या संयमाने, थराथराने उभी राहते की समुद्रावरील संगीतात मला हीच रचना सर्वांत खरी वाटते. मात्र ध्वनिमुद्रण निवडताना आवृत्ती पाहावी, कारण डी फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतील आधीचे रूपही उपलब्ध असून प्रचलित अंतिम रूप डी मेजरमध्ये आहे.