मुलांना किती मीटर पळवायचं? पालक-शिक्षकांची प्रश्नोत्तरे

तालुका स्पर्धा जवळ आल्या की अंतराविषयीचे तेच ते प्रश्न येतात. त्यातल्या काहींची ही उत्तरे.

प्रश्न : पहिली-दुसरीच्या मुलांना किती पळवावं?

उत्तर : 20 ते 30 मीटर, तेही शिवाशिवीसारख्या खेळातून. घड्याळ लावू नका.

प्रश्न : आमच्या शाळेत पाचवीपासून सरसकट 100 मीटर पळवतात, कारण फक्की तेवढीच मारलेली असते. चालेल का?

उत्तर : नाही. हे सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. धावपटू उसेन बोल्टने 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटरचा 9.58 सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा वेग सर्वाधिक होता तो 60 ते 80 मीटरच्या टप्प्यात. दहा वर्षांचं मूल साधारण 30 मीटरच्या आसपासच आपल्या कमाल वेगाला पोहोचतं, तो जेमतेम टिकवतं आणि मग उतरणीला लागतं. साठाव्या मीटरपाशी उभे राहून एकदा बघा. मान मागे गेलेली, मुठी आवळलेल्या, हात छातीसमोर आडवे फिरतायत, पाय आपटतायत. शेवटच्या 40 मीटरांत मूल वेग शिकत नाही, वाईट सवयी गिरवतं.

तिसरी-चौथीला 30 ते 40, पाचवी ते सातवीला 50 ते 60 मीटर ठेवा. 100 आठवीनंतर, तेही सराव असलेल्यांना. चार-पाच धावा पुरेत, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती हवीच. ‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचणीतही धाव 50 मीटरचीच आहे, उभ्याने सुरुवात करून. मग आपल्यालाच 100 चा हट्ट कशाला? एकाच वर्गात एक मुलगा मिसरूड फुटलेला आणि दुसरा अजून लहानखुरा असतो. त्यांना एका रांगेत उभं करून निकाल लावू नका.

आणि शेवटची रेघ कंपाउंडच्या भिंतीपाशी मारू नका! जागतिक नियमांत 100 मीटरनंतर थांबायला किमान 17 मीटर मोकळी जागा लागते. मैदान 50 मीटरचं असेल, तर शर्यत 30 चीच घ्या.

प्रश्न : मुलगी 12 वर्षांची आहे. क्लासवाले स्पाइक्स (तळाला खिळे असलेले बूट) आणि प्रोटीन पावडर घ्या म्हणतात.

उत्तर : हा धंदा आहे. मुरमाच्या मैदानावर पायात नीट बसणारे साधे बूट पुरतात. वरण-भात, अंडी, दूध, शेंगदाणे घरात आहेतच. तरीही पावडर द्यावीशी वाटली, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा, विकणाऱ्याला नव्हे.

प्रश्न : 11 वर्षांच्या मुलाची टाच दोन महिन्यांपासून दुखते. शेजारी म्हणतात, वाढीचं दुखणं आहे, पळला की मोकळं होईल.

उत्तर : दोन महिने का थांबलात? या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते आणि पोटरीचा ताण नेमका तिथेच येतो. पळून ते मोकळं होत नाही, चिघळतं. धावणं आजपासून बंद करा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. लंगडत असेल, सूज किंवा ताप असेल, तर आजच.

प्रश्न : मुलाला दमा आहे. पी.टी.तून कायमची सूट घ्यावी का?

उत्तर : नको. लांब पल्ल्यापेक्षा थांबून-थांबून घेतलेल्या छोट्या धावा अशा मुलांना सहसा जास्त सोसतात. पंप कधी घ्यायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, कागद सरांकडे द्या आणि पंप मैदानावर मुलाजवळच असू द्या.

प्रश्न : धावताना मुलगी बेशुद्ध पडली, मिनिटभरात उठली. ऊन लागलं असेल का?

उत्तर : ते घरी बसून ठरवू नका. ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञांची तपासणी होईपर्यंत तिला मैदानावर उतरवू नका.