आईचं कानाचं मशीन लॉक निघालं, दुकानदार पैसे परत देत नाही, काय करता येईल?

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. मेल मोठा होता, थोडक्यात सांगतो. आई ७३ वर्षांची, दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. आठ महिन्यांपूर्वी पुण्याला मुलाकडे गेली होती तेव्हा सोसायटीत फ्री हिअरिंग चेकअपचा कॅम्प लागला, एका मुलाने हेडफोन लावून पटकन टेस्ट केली आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात बोलावून दोन मशीन दिली, १ लाख ६४ हजारांना. ४४ हजार तिथेच यूपीआयने, उरलेले झिरो कॉस्ट ईएमआयवर, बिल आणि लोन दोन्ही भावाच्या नावावर. "पंधरा दिवस ट्रायल आहे काकू, नाही जमलं तर परत" हे तोंडी. मशीन शिट्टी मारतं, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो आणि माणसाचं बोलणं मात्र कळत नाही. बाराव्या दिवशी भावाने व्हॉट्सॲप केला तर उत्तर आलं, "सर सवय व्हायला वेळ लागतो, महिनाभर वापरू द्या मग बघू." महिन्याने म्हणाले ट्रायल संपली. सांगलीतल्या ऑडिओलॉजिस्टकडे (ऐकण्याची तपासणी आणि मशीनचं सेटिंग करणाऱ्या तज्ज्ञ) नेलं तर त्या म्हणाल्या मशीन लॉक आहे, माझ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतच नाही, ज्यांनी विकलं त्यांच्याकडेच सेटिंग होईल. दुकान म्हणतं पुण्याला या, प्रत्येक व्हिजिटचे १५०० रुपये. बिलावर छापलेलं आहेच, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की हे मेडिकल मॅटर आहे, सिद्ध होणार नाही, आणि केस पुण्यातच करावी लागेल.

ताई, आधी ते पुण्याचं डोक्यातून काढून टाका. जुन्या १९८६ च्या ग्राहक कायद्यात दुकान जिथे आहे किंवा व्यवहार जिथे झाला तिथे जावं लागायचं, त्यामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून तेच बसलंय. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सांगलीत. बिल भावाच्या नावावर असलं तरी अडत नाही कारण विकत घेणाऱ्याच्या संमतीने जी व्यक्ती वस्तू वापरते तीसुद्धा कायद्याने ग्राहकच आहे. तक्रारदार म्हणून आई आणि भाऊ दोघांची नावं टाका, आईचा पत्ता सांगलीचा द्या, आणि आईकडून तुमच्या नावाने अधिकारपत्र घेऊन ठेवा म्हणजे तारखांना त्यांना ओढत न्यायला नको. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. मुदत दोन वर्षांची, तुमचे आठच महिने झालेत, म्हणजे घाई नाही पण टाळाटाळही नको.

आता वकिलांच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. "मशीन खराब आहे" अशी तक्रार केलीत तर ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. आयोग मशीन सीलबंद करून लॅबला पाठवायला सांगू शकतो, त्याची फी आधी तुम्हीच भरायची, आणि रिपोर्ट "मशीन चालू स्थितीत आहे" असा आला की संपलं. आणि तो तसाच येईल असं मला वाटतं, कारण तुमचं मशीन बहुतेक बिघडलेलं नाहीच, ते आईच्या कानाला नीट बसवलेलं आणि सेट केलेलं नाही. शिट्टी बहुतेक वेळा मोल्ड किंवा डोम, म्हणजे मशीनचा कानात बसणारा भाग, सैल असल्यामुळे येते आणि भांडी डोक्यात जातात ती मोठ्या आवाजाची सेटिंग चुकल्यामुळे, दोन्ही गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या. पण दुरुस्त करायला मशीन उघडावं लागतं आणि किल्ली दुकानदाराने स्वतःच्या खिशात ठेवलीय.

तेव्हा केस खराब मालाची करू नका, लपवलेल्या माहितीची करा.

कायद्यात सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, कलम २(११), त्यात ग्राहकापासून संबंधित माहिती मुद्दाम दडवून ठेवणं हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. १ लाख ६४ हजारांचं मशीन घेताना हे आयुष्यभर आमच्याच दुकानात सेट होईल, दुसरा कुठलाही ऑडिओलॉजिस्ट हात लावू शकणार नाही, एवढी गोष्ट सांगितली नसेल तर यापेक्षा संबंधित माहिती दुसरी कुठली असणार? त्यातून आई राहते दोनशेहून जास्त किलोमीटर लांब आणि हे दुकानदाराला माहीत होतं (फॉर्मवर सांगलीचा पत्ता लिहिलाय असं तुम्हीच म्हणताय, त्या फॉर्मचा फोटो असेल तर सोन्यासारखा जपा). लॉक करून विकणं हेच बेकायदेशीर आहे असं मी म्हणत नाहीये, काही चेन आणि काही ब्रँड उघडपणे तसंच विकतात, पण सांगून विकणं वेगळं आणि न सांगता गळ्यात मारणं वेगळं.

दुसरा मुद्दा ट्रायलचा. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेत असं आहे की सदोष माल परत घ्यायला किंवा त्रुटी असलेली सेवा बंद करून पैसे परत द्यायला बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, नकार देणं ही अनुचित प्रथा. नीट वाचा, सदोष माल आणि त्रुटीची सेवा, मन बदललं म्हणून परत असं नाही. बिलावर छापलेली ती ओळ तुमच्याविरुद्ध ब्रह्मवाक्य नाही, आयोग अशा ओळींना फारशी किंमत देत नाहीत. आणि खरं हुकमाचं पान म्हणजे बाराव्या दिवसाचा तो व्हॉट्सॲप मेसेज. तक्रार ट्रायलच्या आत केली होती आणि दुकानानेच महिनाभर थांबायला सांगितलं, हे त्यांच्याच हातचं लिखाण आहे. भावाला म्हणावं फोन बदलू नको, चॅट डिलीट करू नको, एक्सपोर्ट करून ठेव आणि प्रिंटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, सर्टिफिकेट जोड. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतके काटेकोर नसतात पण जोडलेलं बरं, उगाच समोरच्याला तोंड उघडायला जागा कशाला द्यायची.

इथे एक खड्डा आहे. ड्राफ्ट करताना बरेच जण बिलावरच्या अटींवर चिडून "अनफेअर कॉन्ट्रॅक्ट" (अन्यायकारक करार) असा शब्द टाकतात, ऐकायला भारी वाटतो, पण अनफेअर कॉन्ट्रॅक्टची तक्रार ऐकायचा अधिकार जिल्हा आयोगाला नाहीच, तिथून पुढे राज्य आयोग लागतो. म्हणजे एका शब्दापायी समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा वाद घालणार. तुम्ही सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यावरच राहा.

आता कागद गोळा करा, आणि हे नोटीस पाठवायच्या आधी. कॅम्पमध्ये जो ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढला तो मागून घ्या आणि खाली सही कोणाची आहे बघा. ऑडिओलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते, सहीजवळ सीआरआर नंबर, म्हणजे त्या नोंदणीचा नंबर, असतो. नंबर नसेल, नुसता दुकानाचा शिक्का असेल, तर टेस्ट करणारा माणूस पात्र होता का हा प्रश्न आपोआप उभा राहतो आणि तो तक्रारीत जरूर घ्या. (नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणं या कौन्सिलच्या १९९२ च्या कायद्यात गुन्हा आहे, पण लगेच पोलीस स्टेशन गाठू नका, तुम्हाला पैसे हवेत की माणूस आत जायला हवा हे आधी ठरवा.) मग आईची नव्याने तपासणी करा, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ईएनटी विभाग आहे, तिथे दाखवा. नुसता प्युअर टोन ऑडिओग्राम (किती बारीक सूर ऐकू येतो ते) नको, स्पीच टेस्टसुद्धा करून मागा, म्हणजे आवाज पोचतोय पण शब्द किती कळतात ते. वय झालेल्यांमध्ये बऱ्याचदा हाच भाग कमजोर असतो आणि तिथे कितीही महाग मशीन लावलं तरी फायदा मर्यादित राहतो. रिपोर्टमध्ये तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, केसच्या दृष्टीने तो तुमच्या बाजूचाच कागद आहे, कारण विकण्याआधी ही टेस्ट करून तुम्हाला खरं सांगणं हे दुकानाचं काम होतं. आणि सांगलीच्या त्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या, मॉडेल, दोन्ही मशीनचे सिरियल नंबर, आणि "लॉक असल्यामुळे माझ्याकडे प्रोग्रॅमिंग शक्य झालं नाही." तुमच्या अख्ख्या फाइलमध्ये ह्या दोन ओळींइतकं वजनदार काही नसेल.

एक गोष्ट तुम्ही मेलमध्ये ओझरती लिहिलीय, "आई आता घालतच नाही, कपाटात ठेवलंय". ताई, हे तुम्हाला महागात पडू शकतं. आजकालच्या डिजिटल मशीनमध्ये रोज सरासरी किती तास वापरलं याची नोंद आपोआप होते, सॉफ्टवेअरला जोडलं की आकडा समोर येतो. समोरचा वकील तो प्रिंट आयोगापुढे ठेवून म्हणणार, बघा साहेब, दिवसाला अर्धा तास, मग सवय होणार कशी. आणि मशीन लॉक असल्याने ती नोंद फक्त त्यांनाच काढता येते! तेव्हा तक्रारीत तुम्हीच आधी लिहून टाका की सुरुवातीला नियमित वापरलं, शिट्टी आणि त्रास होत होता, सेटिंग करून मिळत नव्हतं म्हणून अमुक तारखेपासून बंद केलं. खरं असेल तेवढंच लिहा, आईला विचारून. आणि मशीन सर्व्हिसला द्यायचं झालं तर सिरियल नंबर लिहिलेली पोचपावती घेतल्याशिवाय हातातून सोडू नका, "समाधानी आहे" असल्या कुठल्याही फॉर्मवर सही तर अजिबात नको.

बिलावर अजून एक बघा, कानाच्या मशीनवर जीएसटी शून्य आहे. मशीनच्या किमतीवर टॅक्स लावलेला दिसला तर तेवढी रक्कमही मागा.

ईएमआय बंद करू नका. राग येतो मान्य आहे, पण लोनचा करार फायनान्स कंपनीशी आहे, हप्ता चुकला की भावाचा सिबिल खराब होणार आणि दुकानदाराला त्याने काडीचा फरक पडणार नाही. भरलेले सगळे हप्ते रिफंडच्या मागणीत धरता येतात.

यानंतर नोटीस. कायद्याने सक्तीची नाही पण पाठवा, स्पीड पोस्टने पोचपावतीसह आणि सोबत ईमेलवर, १५ दिवसांची मुदत देऊन. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून बघायला हरकत नाही, तिचा निर्णय बंधनकारक नसतो पण ब्रँडच्या हेड ऑफिसकडून कधीकधी फोन येतो. म्हणूनच नोटीस फक्त दुकानाला नको, मशीन बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीलाही पार्टी करा, नाव-पत्ता बॉक्सवर असतो. दाखल केल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर १५ वाढीव, त्यापुढे एक दिवस नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्कं केलंय. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, लॅब टेस्ट असेल तर पाच. प्रत्यक्षात वर्ष धरून चला, जास्तही लागू शकतं.

आणि त्या वर्षभरात आईला ऐकू यायला हवं, हे मला केसइतकंच महत्त्वाचं वाटतं. नोटीस गेली की दुकान बहुधा दोनपैकी एक ऑफर देईल. एक, "वरचं मॉडेल घ्या, फक्त ४० हजार वर भरा", तिला सरळ नाही म्हणा. दुसरी, मशीन अनलॉक करून देतो. हिच्यावर मात्र विचार करा, कारण सांगलीतच सेटिंग झालं आणि आईला नीट ऐकू यायला लागलं तर रिफंडपेक्षा हे बरं ठरू शकतं. पण लेखी घ्या: दोन्ही मशीन कायमची अनलॉक, वॉरंटी तशीच चालू, नवीन मोल्ड त्यांच्या खर्चाने, आणि अनलॉक झाल्यावर सांगलीत सेटिंग करून ४५ दिवसांत उपयोग झाला नाही तर पूर्ण रिफंड. हे शेवटचं कलम ते काढायला सांगतील. काढू नका, आणि तडजोडीच्या नादात दोन वर्षांची मुदत उलटू देऊ नका.