ठाण्यात दातांचा दवाखाना सुरू करतेय. डिग्री आणि डेंटल कौन्सिलची नोंदणी आहे; आणखी काय लागतं?

नौपाड्यात माझा दोन खुर्च्यांचा दवाखाना आहे, त्यावरून सांगतो. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कचऱ्याकडे. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, खाटा नसल्या तरी. आपल्यासाठी ती एकदाच घ्यायची असते, पण वार्षिक अहवाल दरवर्षी ३० जूनच्या आत जातो. ही तारीख हमखास विसरली जाते.

खरी परीक्षा बादल्यांची. काढलेली दाढ आणि रक्ताचा कापूस पिवळ्यात, हातमोजे आणि सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत, भुलीच्या इंजेक्शनची सुई पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात. त्याच इंजेक्शनची काचेची कार्ट्रिज (औषधाची नळी) मात्र निळ्यात! नवीन मदतनीस इथेच चुकते, म्हणून मी खुर्चीमागे प्रत्येक रंगाखाली खरी वस्तू चिकटवून ठेवली आहे (दाढ सोडून). जैववैद्यकीय कचरा नेणारी गाडी आली नाही म्हणून तो साठवू नका, ४८ तासांची मर्यादा आहे. गाडीवाल्याच्या पावत्या पाच वर्षं जपा.

एक्स-रे मशीन घेताना विक्रेता "मी बघतो सगळं" म्हणेल. ऐकून घ्या, पण अणुऊर्जा नियामक परिषदेच्या ई-लोरा पोर्टलवरची नोंदणी दवाखान्याच्याच नावाने झाली ना, ते स्वतः पाहा.

रूट कॅनलआधी सही घेता ना? संमतीपत्र मराठीतही ठेवा. न समजलेल्या इंग्रजी कागदावरची सही तक्रारीच्या वेळी फारशी कामाला येत नाही.