काळं एनॅमल हेगमन गेजवर (रंगातल्या कणांची बारीकी मोजणारी पट्टी) ७ दाखवतं, तरी तीन आठवड्यांत दाट का होतं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: रबाळे एमआयडीसीतलं छोटं युनिट, १०० किलोच्या बॅचमध्ये ४ किलो कार्बन ब्लॅक (काळं पिगमेंट, म्हणजे रंग देणारी पूड), अल्किड रेझिन (फिल्म बनवणारा बाइंडर), एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन, पातळ करणारं द्रावक) आणि ०.५ टक्के सोया लेसिथिन. बीड मिलमधून (मण्यांनी दळणारं यंत्र) निघताना फिनिश, म्हणजे बारीकी, ७, पण तीन आठवड्यांनी डबा उघडला की माल जेलीसारखा आणि ग्लॉस उतरलेला. ढवळलं की थोडा वेळ पातळ होतो.

ढवळल्यावर पातळ होतो, म्हणजे हे फ्लॉक्युलेशन आहे: दळलेले कण पुन्हा सैल गुठळ्यांत जमतात. मिल आणखी दोन तास चालवून ते जाणार नाही. मिल पिगमेंटचे गोळे फोडते. फुटलेले कण पुन्हा एकमेकांना चिकटू न देणं हे डिस्पर्संटचं काम. गेजवर हा दोष दिसत नाही, कारण पातं ओढताना सैल गुठळ्या सुटतात. तो रब-आउटमध्ये दिसतो. हा ब्लॅक पांढऱ्या बेसमध्ये १:१० मिसळा, कार्डावर फिल्म ओढा आणि ती अर्धवट सुकली की एका कोपऱ्यात बोटाने घासा. घासलेला भाग गडद झाला तर ब्लॅक फ्लॉक्युलेट झालाय, फिका झाला तर बहुधा टायटॅनियम (पांढऱ्या बेसमधलं पिगमेंट).

मुळात चूक डोसच्या हिशेबात आहे. डिस्पर्संट एकूण रंगाच्या वजनावर काढायचा नसतो, पिगमेंटच्या पृष्ठभागावर काढायचा असतो. तुमच्या ब्लॅकचा पृष्ठभाग ग्रॅमला १०० चौरस मीटर धरला (नेमका आकडा डेटा शीटवर मिळेल), तर ४ किलोचे ४ लाख चौरस मीटर झाले. टायटॅनियमचा ग्रॅमला १० च्या आसपास असतो, म्हणजे २५ किलो टायटॅनियमचे अडीच लाखच. सुरुवातीला चौरस मीटरला २ मिलिग्रॅम ॲक्टिव्ह (डिस्पर्संटमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) धरा: तुम्हाला ८०० ग्रॅम ॲक्टिव्ह लागेल. डिस्पर्संट ५० टक्के ॲक्टिव्ह असेल तर १.६ किलो. तुम्ही घालताय ५०० ग्रॅम, तेही लेसिथिन.

लेसिथिन पिगमेंट भिजवायला चांगलं, पण रेणू लहान आणि पकड कमजोर. एमटीओमध्ये विद्युत प्रभाराचा आधार जवळजवळ मिळत नाही, त्यामुळे पाण्याच्या रंगात चालणारी पॉलिॲक्रिलेटची युक्ती (प्रभाराने कण दूर ठेवणं) इथे उपयोगाची नाही. इथे पॉलिमरिक डिस्पर्संट हवा: एका साखळीवर ब्लॅकला धरणारे अनेक गट आणि अल्किडमध्ये मोकळ्या पसरणाऱ्या शेपट्या. शेपटी तुमच्या रेझिनशी जुळते का, ते आधी बघा. डिस्पर्संट आणि रेझिन मिसळून काचेवर फिल्म ओढा. धुरकट दिसली तर तो ग्रेड सोडा.

मग पिगमेंटवर १०, १५, २०, २५ आणि ३० टक्के ॲक्टिव्ह अशा पाच बाटल्या काचमण्यांसह शेकरवर सारखा वेळ हलवा. व्हिस्कॉसिटी घ्या, सात दिवस ५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, पुन्हा घ्या आणि रब-आउट करा. जिथे व्हिस्कॉसिटी सर्वांत कमी आणि आठवड्यानंतरही जवळपास तितकीच, तो तुमचा डोस. त्याच्या वर गेलात तर फिल्म मऊ राहते, पाणी लवकर धरते.

क्रम महत्त्वाचा: एमटीओ, थोडं रेझिन, डिस्पर्संट, नीट मिसळून घ्या आणि मगच ब्लॅक. डिस्पर्संट मागून घातला तर रेझिन आधीच पिगमेंटवरची जागा अडवतं. लेट-डाउनला (दळलेली पेस्ट पातळ करून रंग पूर्ण करताना) मिल बेसवर, म्हणजे त्या पेस्टवर, नुसता एमटीओ एकदम ओतू नका. ढवळत, थोडं थोडं रेझिन आधी सोडा. चांगला मिल बेससुद्धा या एका पायरीवर पुन्हा गुठळ्या धरतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली ब्लॅकची गोणी ओल धरते, ती वापरू नका.

दाट झालेला माल डिस्पर्संट टाकून ढवळल्याने पुरता सुधारत नाही. हिशेबाचा डोस घालून तो पुन्हा मिलमधून काढा. नंतर सुकण्याचा वेळ जरूर तपासा: ब्लॅक कोबाल्ट ड्रायरही (रंग सुकवणारं रसायन) शोषून घेतो, त्यामुळे ड्रायर थोडा वाढवावा लागू शकतो.